आईच्या पिशवीतली औषधं

वाचकाचं पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नाव नाही.

"ताई, मी वाडीला एका गॅरेजमध्ये काम करतो. आई ५४ वर्षांची, धरमपेठेत चार घरी पोळ्या करते. दोन वर्षांपासून तिला बीपी आणि शुगर आहे. नागपूर महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून गोळ्या आणते. पंधरा दिवसांच्याच देतात, दर वेळी तिचा अर्धा दिवस जातो. खिडकीतून पट्ट्या कापून कागदाच्या पुडीत टाकतात, 'ही सकाळी, ही जेवल्यावर' असं काहीतरी म्हणतात, तोवर मागचा धक्का मारत असतो. मागच्या महिन्यात एका मॅडमनं आईला स्वतःच्या डॉक्टरकडे नेलं, पैसेही त्यांनीच भरले. त्या गोळ्याही चालू केल्या. मग पाय सुजले, तर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी अजून एक दिली. गुडघ्याची गोळी दुकानातून आणतो. बुधवारी आई मॅडमच्या ओट्यासमोरच चक्कर येऊन पडली. घामानं ओली झाली होती. साखरपाणी दिलं तेव्हा उठली. मी केंद्रात भांडायला गेलो तर म्हणाले, 'दोन-दोन डॉक्टरांच्या गोळ्या खाता, आम्ही काय करणार?' आईला म्हणाले, 'समजत नव्हतं तर विचारायचं होतं.' आणि माझ्यासमोर एका लेआउटमधल्या (आखीव वसाहतीतल्या), चांगल्या साडीतल्या बाईंना त्याच सिस्टरनं खुर्ची देऊन दहा मिनिटं समजावलं. चूक कोणाची, ते सांगा. तक्रार केली तर आईच्या गोळ्या बंद करतील का? सगळ्या पट्ट्यांचा फोटो पाठवतो."

भाऊ, माझं उत्तर लांबणार आहे, म्हणून घाईचं आधी. घरातल्या सगळ्या गोळ्या, कापलेल्या, अर्ध्या उरलेल्या, उशाखालच्या, फ्रिजवरच्या, एका कापडी पिशवीत घाला. केंद्राचा केसपेपर आणि मॅडमच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यातच. उद्या सकाळी आईला सोबत घेऊन केंद्रातल्या डॉक्टरांच्या टेबलावर ती पिशवी उपडी करा. उद्याच. पुढची तारीख यायची वाट बघू नका.

तोवर दोन गोष्टी. दुकानातून आणलेली गुडघ्याची गोळी थांबवा. आणि शुगरची जी जोडगोळी (एकाच गोळीत दोन औषधं) मॅडमच्या डॉक्टरांनी दिली आहे, ती उपाशीपोटी देऊ नका. बीपीच्या गोळ्या मात्र माझं वाचून बंद करू नका. मी आईला पाहिलेलं नाही आणि मी डॉक्टरही नाही. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे बसले, तेवढ्या बळावर बोलते आहे. पुन्हा घाम सुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा पाजा, आणि बरं वाटलं की काहीतरी खाऊ घाला. शुद्धच हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

आता फोटो. मी तो चष्मा लावून पाहिला, मग मोबाइल आडवा धरून, मग नातीकडून मोठा करून घेतला. सात पट्ट्या आहेत.

पहिली केंद्राची, 'विक्रीसाठी नाही' छापलेली. नावावरूनच कात्री फिरली आहे, मागे '…डिपिन ५' एवढंच उरलंय. ती अम्लोडिपिन, बीपीची. तिसरी मॅडमच्या डॉक्टरांची, चकचकीत, कंपनीच्या भारदस्त नावाची. पण त्या नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय: टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५. म्हणजे पहिलीच गोळी पुन्हा, टेल्मिसार्टन ही बीपीचीच पाहुणी सोबत घेऊन. आई रोज पाचऐवजी दहा मिलिग्रॅम अम्लोडिपिन खाते आहे आणि हे तिला, तुम्हाला, मॅडमना किंवा दोन्ही डॉक्टरांना ठाऊक नाही. दहाची मात्रा डॉक्टर देतातही, पण ठरवून देतात. इथे ती चुकून झाली.

दुसरी मेटफॉर्मिन ५००, शुगरची. चौथीत पुन्हा मेटफॉर्मिन ५०० आणि जोडीला ग्लिमेपिराइड १. माझा सगळ्यात जास्त संशय या ग्लिमेपिराइडवर आहे. ही गोळी शरीरातलं इन्सुलिन बाहेर काढते, पोटात काही आहे की नाही याची वाट न पाहता. ती जेवणाबरोबर घ्यायची असते. आई सहाला घर सोडते, तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे 'चहा घेऊन'. गोळ्याही तेव्हाच घेते. अकरापर्यंत ती उभी असते आणि पोटात तोच कपभर चहा. घाम येऊन पडणं आणि साखरपाण्यानं उठणं, दोन्ही मला साखर खाली गेल्याचीच लक्षणं वाटतात. नक्की काय ते डॉक्टर सांगतील.

पायांची सूज बघा. अम्लोडिपिननं घोट्याशी सूज येते, हे या औषधाचं जुनं, ओळखीचं वागणं आहे, आणि मात्रा वाढली की सूज वाढते. गल्लीतल्या डॉक्टरांना कोणी सांगितलं नाही की दोन ठिकाणचं अम्लोडिपिन पोटात जातंय. त्यांनीही विचारलं नसावं. त्यांनी सूज पाहिली आणि पाचवी पट्टी लिहिली: फ्युरोसेमाइड, लघवीची गोळी. एका गोळीनं केलेला त्रास झाकायला दुसरी गोळी, असं हे चालू होतं, आणि एकदा चालू झालं की घरात पट्ट्यांचा ढीग होईपर्यंत थांबत नाही.

सहावी डायक्लोफिनॅक, तुमची गुडघ्याची. पट्टीच्या कडेला लाल रेघ दिसते ना? तिचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही. दुकानदारानं ती बिस्किटाच्या पुड्यासारखी दिली. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची गोळी, तिघी एकेकट्या ठीक. एकत्र आल्या की मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात मे महिना, नागपूर, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि आई चार घरच्या शेगड्यांसमोर उभी. घामानं जे पाणी जातंय ते वेगळंच. म्हणून उद्या डॉक्टरांना क्रिएटिनिन तपासायला सांगा. मूत्रपिंड नीट काम करतंय का, ते या रक्ततपासणीतून कळतं. तोच शब्द वापरा, क्रिएटिनिन. रक्त तिथे घेत नसतील तर मेडिकलला जा. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: नागपुरात 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. औषधाच्या दुकानालाही आम्ही मेडिकलच म्हणतो आणि तरी आमचा गोंधळ होत नाही.)

सातवी पट्टी मला ओळखता आली नाही. कापलेला चौकोन, आत दोन पिवळट गोळ्या, एक अक्षर नाही. तुम्ही लिहिता, 'आईला वाटते कमजोरीची आहे.' वाटण्यावर गोळी खायची नसते. डॉक्टरांनाही ओळखता आली नाही तर ती केंद्रातच परत द्या.

इथे थोडं थांबते, कारण पट्टीवरची अक्षरं कापली गेली म्हणून काय बिघडतं असं खिडकीमागच्यांनाही वाटतं. मलाही वाटायचं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान लेकरं मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येत होती, त्यातली कितीतरी घरी परतली नाहीत. कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्क्याची. त्या आठवड्यात आमच्या लेआउटमध्ये घरोघरी बाटल्या उलट्या करून बॅच नंबर पाहणं चाललं होतं. लोकांना पाहता आलं, कारण बाटलीवर नंबर होता. उद्या कुठल्या गोळीची बॅच परत बोलावली, तर तुमच्या आईच्या त्या चौकोनी तुकड्याकडे बघून कोण काय सांगणार? नाव, बॅच आणि मुदत ज्या टोकाला छापली आहे ते टोक सगळ्यात शेवटी कापायचं, एवढी साधी गोष्ट आहे. आणि टोक दुसऱ्याला गेलंच, तर पुडीवर पेननं लिहून द्यायचं.

चूक कोणाची, हे तुम्ही विचारता. तुम्हाला एक नाव हवं आहे, आणि तुमच्या जागी मलाही हवं असतं. मॅडमनं चांगल्या मनानं केलं. त्यांच्या डॉक्टरांनी 'आधीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत' हे विचारायला हवं होतं. आईनं 'सरकारी बीपीच्या' असं सांगितलं असेल तर त्यांनी नाव मागायला हवं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांचं वर सांगितलंच. दुकानदाराचंही. केंद्रात गोळीचं नाव सांगितलं गेलं नाही. आई या चौघांच्या मधून पिशवी घेऊन हिंडत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली औषधांमुळे होणारं टाळण्याजोगं गंभीर नुकसान पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं ठरवलं, तेव्हा तीन जागा विशेष धोक्याच्या म्हणून सांगितल्या होत्या: एका माणसाच्या पोटात पुष्कळ औषधं, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाणं, आणि जोखमीचे रुग्ण व जोखमीची औषधं. तुमच्या आईच्या बाबतीत तिन्ही एकाच वेळी आल्या.

पण 'समजत नव्हतं तर विचारायचं होतं' या वाक्यावर मी अडले. रात्री पुन्हा पत्र काढून वाचलं. हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे.

नोकरीची पाच-सहा वर्षं झाली होती. तालुक्याच्या एका दवाखान्यात होते. कापसाच्या भागातली एक म्हातारी शुगरसाठी यायला लागली. तेव्हा ग्लिबेनक्लामाइड देत असू, ग्लिमेपिराइडच्याच कुळातलं. मी तिला खिडकीतून सांगितलं, "रोज सकाळी एक. एक दिवसही चुकवायची नाही." आणि पुढच्या माणसाचा कागद ओढला. आषाढी एकादशीच्या संध्याकाळी तिला जीपमधून आणलं, डोळे मिटलेले, लुगडं घामानं ओलं. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा तिनं डोळे उघडले. मी ड्युटी संपवून खाटेपाशी गेले आणि काय खाल्लं होतं ते विचारलं. म्हणाली, "काई नाई. उपास व्हता नं बाई. पन गोई नाई चुकवली. तुमीच त सांगतलं व्हतं, चुकवू नोको म्हून."

तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. शाबासकी मागत होती ती. मी काय केलं? म्हणाले, "उपास होता तर विचारायचं नाही का आजी?" आणि घरी आले.

ती गोष्ट मला जास्त जाचते ती पुढच्या भागामुळे. त्याच आठवड्यात आमच्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक तीच गोळी न्यायला आले होते. त्यांना मी खिडकीतून बोलले नव्हते, आत बोलावून स्टूल दिलं होतं. "सर, एकादशी करता का? मग त्या दिवशी ही घेऊ नका, डॉक्टरांशी बोलून घ्या." सरांनी विचारलंही नव्हतं. मी आपणहून सांगितलं होतं. सर वाचू शकत होते, त्यांच्या घरी तीन माणसं शिकलेली होती. आजीकडे माझ्या त्या दोन वाक्यांशिवाय काहीही नव्हतं, आणि तिला मी त्यातलं एकच दिलं.

तेव्हा खुर्चीवरच्या त्या बाईंबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला खोटं वाटत नाही. तुमच्या डोळ्यांना भास झाला, असं मी सांगणार नाही. साडी बघून, बोली ऐकून, चप्पल बघून आवाज बदलतो. खिडकीमागे बसलेल्या माणसाला तो बदललेला कळतसुद्धा नाही. फक्त त्या बाईंच्या दहा मिनिटांवर राग धरू नका. त्यांना मिळाली ती बरोबरच मिळाली. ज्या बाईच्या पिशवीत सात पट्ट्या आहेत, जिला अक्षरं वाचता येत नाहीत, जी पुन्हा विचारायला आली तर दिवस बुडतो, तिला बाराही कमीच पडली असती. सगळ्यांना सारखी दोन मिनिटं दिली म्हणजे न्याय झाला, हे मी मानत नाही.

सिस्टरची बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझ्या जुन्या सहकारी मला फोन करतील. शहरी केंद्र साधारण ५० हजार लोकांसाठी असतं आणि तिथे औषध निर्माण अधिकाऱ्याची, म्हणजे फार्मासिस्टची, जागा एक. ती रिकामी असली किंवा माणूस रजेवर असला की खिडकीवर सिस्टर बसते, तिची लसीकरणाची कामं तशीच ठेवून. समजा नऊ ते एक खिडकी आणि दोनशे लोक. माणशी ७२ सेकंद. त्यात कागद वाचायचा, पट्ट्या काढायच्या, कापायच्या, रजिस्टरवर किंवा संगणकावर चढवायच्या. पुरवठादार बदलला की गोळीचा रंग आणि आकार बदलतो, आणि मग 'बाई, ही माझी नाही, माझी गुलाबी होती' म्हणून वाद. ते मी रोज पाहिलंय. तरी ७२ सेकंदांत वीस सेकंद उरतात. गोळीचं नाव, कशासाठी, केव्हा, जेवून की न जेवता. आणि शेवटी उलटा प्रश्न: "आता मला सांगा, कशी घ्याल?" आजीच्या प्रकरणानंतर मी तो प्रश्न विचारायला लागले. पहिल्याच दिवशी एका माणसानं सांगितलं की कानाचे थेंब तो पाण्यात घालून प्यायचा आहे.

रंगावरून आठवलं. आई गोळ्या रंगानं ओळखते असं तुम्ही लिहिलंय. ते आजपासून बंद करायचं आहे. उद्या डॉक्टर ज्या गोळ्या ठेवतील, त्यांची नावं आईकडून पाठ करून घ्या. अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन. आरती, हरिपाठ तोंडपाठ असणाऱ्या बाईला दोन नावं काय अवघड? एखाद्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घ्या. प्रत्येक औषधाच्या रिकाम्या पट्टीचा नाव असलेला तुकडा चिकटवा, शेजारी चित्र काढा: सकाळची असेल तर सूर्य, जेवणाबरोबरची असेल तर ताट, रात्रीची असेल तर चांदोबा. वर तारीख. ही पत्रिका आईच्या पर्समध्ये, पैशाच्या कप्प्यात. कोणताही डॉक्टर, मॅडमचा असो की गल्लीतला, त्यानं पेन उचलण्याआधी ती त्याच्यासमोर ठेवायची. आणि त्याला म्हणायचं, औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरांत लिहा. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून ते सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं असं आहेच. मूळ नाव लिहिलेलं असतं तर बुधवार टळला असता.

एकच डॉक्टर ठरवा. मी केंद्राचा म्हणते. मॅडमच्या डॉक्टरांचं शिक्षण जास्त असेल, पण त्यांची फी पुढची पाच वर्षं मॅडम भरणार आहेत का? बीपी-शुगरला ज्याच्याकडे दर महिन्याला जाता येतं तो डॉक्टर उपयोगाचा. टेल्मिसार्टन हवीच असं केंद्रातल्या डॉक्टरांना वाटलं आणि ती तिथे नसली, तर जनऔषधी केंद्रातून मूळ नावानं घ्या, त्याच औषधासाठी कंपनीच्या नावाचे पैसे मोजू नका. सकाळचा अर्धा दिवस बुडत असेल तर जवळ 'आपला दवाखाना' आहे का बघा, ते दुपारनंतर रात्रीपर्यंत चालतात. तिथे गेलात तरी पत्रिका तीच.

तक्रारीचं. करा. पण भांडून नको, आणि त्या सिस्टरविरुद्ध नको. सिस्टरविरुद्ध केलीत तर तिला नोटीस मिळेल, ती दुसऱ्या केंद्रात जाईल, नवीन येईल, आणि पट्टी तशीच कापली जाईल. अर्ज करा. महापालिकेचे दहा झोन आहेत. तुमचं केंद्र ज्या झोनमध्ये येतं तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे, साध्या मराठीत, एका पानाचा. मी लिहिला असता तो असा:

"आमच्या केंद्रात बीपी व शुगरच्या रुग्णांना पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. आम्ही मजुरीवर जाणाऱ्या बाया आहोत. दर फेरीला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून फेरी चुकते आणि गोळी खंडते. तरी तब्येत स्थिर असलेल्यांना तीस दिवसांच्या गोळ्या द्याव्यात. पट्टी कापताना नाव व मुदत राहू द्यावी, नाहीतर पुडीवर मराठीत लिहून द्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोळी कशी घ्यायची हे बसवून समजवावं. काय केलं ते लेखी कळवावं."

तीस दिवसांची मागणी वावगी नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महिनाभराच्या गोळ्या एकदम देणं हे सूत्रच आहे, आणि महाराष्ट्रात तो पहिल्यांदा ज्या चार जिल्ह्यांत आला त्यांत आपल्या शेजारचे वर्धा आणि भंडारा होते. वर्ध्याच्या बाईला जमतं ते नागपूरच्या बाईला का जमू नये, एवढं विचारायचं. साठा नाही असं उत्तर आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका: मागच्या सहा महिन्यांत या दोन गोळ्या किती आल्या, किती दिवस शिल्लक नव्हत्या. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. आकडे कागदावर आले की पुढचं बोलणं सोपं जातं.

अर्ज एकट्यानं देऊ नका. आईसोबत रांगेत उभ्या राहणाऱ्या पाच-सहा जणींच्या सह्या घ्या, अंगठे असले तरी चालतील. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं सरकारी नोकरीत मी शिकले, टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं.

आईच्या गोळ्या कोणी बंद करू शकत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळण्याचा, भेदभावाशिवाय उपचार मिळण्याचा आणि तक्रार ऐकली जाण्याचा हक्क लिहिलेला आहे. दोन-चार फेऱ्या सिस्टरचा चेहरा आंबट असेल, हे मात्र खरं, ते सोसायची तयारी ठेवा. आणि चक्कर आली त्याची नोंदही होऊ द्या: औषधाच्या दुष्परिणामांसाठी देशपातळीवरची एक विनाशुल्क हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, तिथे रुग्णाच्या घरचा माणूसही फोन करू शकतो. त्यानं कोणाला शिक्षा होत नाही, पण कुठेतरी ते लिहिलं जातं.

शेवटी मॅडम. त्यांना काय सांगू, असं तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात, पेन्सिलनं, लिहिलंय. त्यांच्यावर रागवू नका, त्यांनीच साखरपाणी दिलं. त्यांना पत्रिका दाखवा आणि सांगा की पुढे आईला कुठे नेलं तर ती सोबत ठेवा. आणि एक मागणी करा, संकोच न करता. आई सकाळी चार घरच्या मिळून किती पोळ्या लाटते हो? पन्नास? साठ? पहिल्या घरची तव्यावरून उतरलेली पहिली पोळी आईनं तिथेच, बसून, भाजीबरोबर खायची. शुगरची गोळी डॉक्टरांनी ठेवली, तर ती त्या पोळीसोबत. सहाच्या चहाबरोबर नाही.

क्रिएटिनिनचा आकडा आला की कळवा. आणि त्या पिवळट गोळ्या कशाच्या निघाल्या तेही.